वाचकांचे प्रश्न: युरोपात कुठल्या वयात माणसं कशाने जातात

मागच्या अंकात आपण युरोपचे काही नकाशे छापले होते. एकेका वयोगटाचा एक नकाशा आणि प्रत्येक देशाला त्या वयातल्या मृत्यूच्या सगळ्यात मोठ्या कारणाचा रंग, एवढंच होतं त्यात. पण त्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच देतेय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून सगळ्यांचाच फक्त भाग लिहिलाय. आणि एक आधीच सांगते, मी मेडिकल कॉलेजात बरीच वर्षं पीएसएम, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विषय, शिकवलंय, हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

प्रश्न (कोथरूड, वय 70): माझा मुलगा जर्मनीत असतो, 41 वर्षांचा आहे. तुमच्या एका नकाशात जर्मनीला कॅन्सरचा रंग, दुसऱ्यात हृदयविकाराचा. मग जर्मनीत लोक नक्की कशाने जातात? एक काय ते सांगा.

काका, एक काय ते सांगताच येत नाही, आणि त्या नकाशांचं म्हणणं तेच होतं. जर्मनीत वर्षाला दहा लाखांच्या आसपास मृत्यू होतात. त्यातले साधारण एक तृतीयांश हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी, म्हणजे हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, स्ट्रोक सगळं धरून, आणि पाचातल्या एकाहून थोडे जास्त कॅन्सरने. पेपरात हेच येतं की युरोपात हृदयविकार नंबर एक. चूक नाहीये ते. पण हे दहा लाख लोक आहेत कोण ते बघायला पाहिजे ना. युरोपियन युनियनमध्ये शंभर मृत्यू घेतले तर त्यातले ऐंशीहून जास्त 65 च्या पुढच्या माणसांचे असतात, म्हणजे एकूण आकडा काढला की तो आपोआप वयस्कर माणसांचाच आकडा होतो आणि तुमच्या मुलाच्या वयाची माणसं त्यात दिसेनाशी होतात.

आता फक्त 65 च्या आतले मृत्यू मोजा, लगेच युरोपियन युनियनमध्ये कॅन्सर पहिला येतो. अजून खाली, विशी-पंचविशीत या, तर आजार मागे पडतात आणि अपघात आणि आत्महत्या वर येतात. चाळिशीत सगळ्याची सरमिसळ असते, थोडा कॅन्सर, थोडा हार्ट, दारूने खराब झालेलं लिव्हर, अपघात, आत्महत्या. परत वर ऐंशीच्या पुढे जा, हृदय पहिलं. त्यामुळे दोन्ही नकाशे खरे आहेत, वय वेगळं आहे एवढंच.

आणि याच कारणाने दोन देशांची सरळ तुलना करायची नसते. सदाशिव पेठेत हजारी किती माणसं जातात आणि हिंजवडीत किती जातात हे नुसतं शेजारी ठेवलं तर वाटेल पेठेत राहणं धोक्याचं आहे, पण पेठेत आजी-आजोबा राहतात आणि हिंजवडीत पंचविशीतली पोरं, फरक हवापाण्याचा नाहीये, वयाचा आहे. इटली म्हातारा देश, आयर्लंड त्या मानाने तरुण, तिथेही तोच प्रकार. म्हणून युरोपवाल्यांनी तुलनेसाठी एक ठरावीक वयरचना घेतलीय, आधी 1976 ची होती, मग 2013 मध्ये नवीन केली. प्रत्येक देशाचे वयोगटवार दर त्या एकाच लोकसंख्येला लावतात आणि मग तुलना करतात. कुठलाही आकडा फॉरवर्ड होऊन आला की हे केलंय का एवढं तरी बघत जा.

मला विचाराल तर त्या सगळ्या नकाशांतून एक गोष्ट सगळ्यात जास्त दिसते. अगदी लहान बाळं आणि अगदी म्हातारी माणसं युरोपभर साधारण त्याच त्या कारणांनी जातात. देश एकमेकांपासून वेगळे पडतात ते मधल्या वयात, तिशी ते साठी, आणि त्यातही पुरुषांमध्ये. पुढची बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतायत.

प्रश्न (चिंचवड): लहान मुलांच्या नकाशात कॅन्सर बघून धक्का बसला. माझी मुलगी 6 वर्षांची आहे. तिकडे मुलांना एवढा कॅन्सर का होतो?

तिकडे जास्त होतो असं नाहीये ताई. बाकीची कारणं इतकी कमी झालीत की कॅन्सर वर दिसायला लागलाय. एक वर्षाच्या आत दोनच मोठी कारणं उरलीत, बाळ खूप आधी जन्मणं किंवा जन्माच्या वेळची गुंतागुंत, आणि जन्मजात दोष. फिनलंड, स्वीडन, स्लोव्हेनिया अशा देशांत हजार बाळांमागे साधारण दोन जातात, रोमेनिया-बल्गेरियात पाच-सहा. आपल्या देशाचा आकडा अजून पंचवीसच्या आसपास आहे, केरळने मात्र तो कधीच एक आकडी केलाय. म्हणजे पैसेवाल्या देशांनाच जमतं असं काही नाही.

एक वर्षाच्या पुढे चौदापर्यंत तर युरोपात मृत्यूच फार थोडे. जुलाब, गोवर, घटसर्प हे सगळं लस, स्वच्छ पाणी आणि अँटिबायोटिकने जवळपास संपवलं. उरले अपघात आणि कॅन्सर, त्यात ब्लड कॅन्सर आणि ब्रेन ट्यूमर जास्त. आणि मुलांमधला जो सगळ्यात कॉमन ब्लड कॅन्सर आहे त्यातली दहातली नऊ मुलं आज पश्चिम युरोपात पाच वर्षांच्या पुढे जगतात, बरीचशी पूर्ण बरी होतात. मुलीचं लसीकरण पूर्ण आहे ना, स्कूटरवर पुढे उभं करून नेत नाही ना, हे बघा. तिच्या वयाला हे सगळ्यात महत्त्वाचं.

प्रश्न (हडपसर, वय 26): वीस ते तीसच्या वयोगटात श्रीमंत देशांमध्येपण आत्महत्या पहिल्या नंबरला. सगळं असून तिकडची मुलं असं का करतात? की तिकडे एकटेपणाच जास्त आहे?

तू विचारलंस ते चांगलं केलंस, पण आधी आकडा नीट वाचूया. पहिला नंबर म्हणजे हिस्सा मोठा, धोका मोठा असं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 20 ते 34 या वयात आत्महत्या हे मुलगे आणि मुली दोघांमध्येही पहिलं कारण आहे, पण त्या वयात एकूण मृत्यूच फार कमी असतात, बाकी सगळं आटोक्यात आलंय म्हणून हे वर दिसतं. धोका बघायचा तर लाख लोकांमागे किती ते बघायचं. युरोपात तो फरक प्रचंड आहे. लिथुआनियात नव्वदीच्या मधल्या वर्षांत लाखामागे 45 च्या आसपास आत्महत्या होत होत्या, आता त्या वीसच्या आसपास आल्यात, तरी युरोपियन युनियनमध्ये तो देश वरतीच असतो. ग्रीसमध्ये हाच आकडा चार-पाच. आता ग्रीस काही लिथुआनियाहून फार सुखी किंवा श्रीमंत आहे असं नाही, उलट 2008 नंतर त्यांची अर्थव्यवस्था पार कोलमडली होती. त्यामुळे श्रीमंती विरुद्ध एकटेपणा असं सोपं गणित मांडता येत नाही. दारू किती आणि कशी पितात, मदत मागायला लाज वाटते का, डॉक्टरपर्यंत माणूस पोचतो का, समाज एका रात्रीत बदलला का, हे सगळं त्यात येतं. नव्वदीत सोव्हिएत युनियन तुटल्यावर बाल्टिक देशांत कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या, आणि त्यात सगळ्यात जास्त पुरुष गेले. आजही युरोपात आत्महत्येने जाणाऱ्यांमध्ये पुरुष बायकांच्या तिप्पट-चौपट असतात.

पण लिथुआनियाचा आकडा निम्म्यावर आला हे पण बघ ना. म्हणजे हे कमी होऊ शकतं.

आणि हे काही फक्त तिकडचं नाही रे. आपल्याकडे 2022 मध्ये सरकारी नोंदीप्रमाणे 1 लाख 70 हजारांहून जास्त लोक आत्महत्येने गेले, लाखामागे 12.4, आणि आपल्याही देशात तरुण वयातल्या मोठ्या कारणांत ते आहेच. तुझ्या मेसेजमध्ये खाली एक ओळ होती ती मी इथे छापत नाही, पण ती वाचून सांगते, टेली-मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतपण बोलतात. स्वतःसाठी असो किंवा रूममेटसाठी, फोन कर. खरंच कर.

तरुणांचं दुसरं मोठं कारण रस्ता, आणि त्याबद्दल तर मला पुणेकरांशी तासभर बोलायचंय. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये ठरवलं की रस्त्यावर कोणीही मरणं मान्यच करायचं नाही, व्हिजन झीरो म्हणतात त्याला. त्या वर्षी तिथे रस्त्यावर 541 माणसं गेली होती. 2023 मध्ये 229. लोकसंख्या वाढली, गाड्या वाढल्या, मृत्यू निम्म्याहून कमी. त्यांनी काय केलं तर माणूस चुकणारच हे आधी धरून चालले, आणि चुकला तरी मरणार नाही असा रस्ता बांधायचा असं ठरवलं. समोरासमोर धडक होऊ नये म्हणून मधे केबलचे कठडे टाकले, चौकांच्या जागी गोल सर्कल केली, वस्तीत स्पीड 30 वर आणला. युरोपातसुद्धा सगळीकडे असं नाहीये, बल्गेरिया आणि रोमेनियात 2023 मध्ये दहा लाखांमागे ऐंशीच्या वर माणसं रस्त्यावर गेली, स्वीडनमध्ये बावीसच्या आसपास. भारतात 2022 मध्ये 1 लाख 68 हजार माणसं गेली, म्हणजे दहा लाखांमागे जवळपास 120. स्वीडनची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, आपल्या पुणे जिल्ह्याची 2011 मध्येच 94 लाख होती. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याएवढा देश आहे तो. नवले पुलाच्या उतारावर दर काही महिन्यांनी जे अपघात होतात त्यानंतर आपण ड्रायव्हरला शिव्या देतो आणि गप्प बसतो, त्यांनी उतार, रस्ता, स्पीड सगळं बदललं असतं. हेल्मेट घाल, पण नगरसेवकाला रस्त्याबद्दल पण विचार.

प्रश्न (बिबवेवाडी): माझे मिस्टर 47 वर्षांचे आहेत, बीपी आहे, सिगारेट सोडत नाहीत. तुम्ही लिहिलं होतं की पूर्व युरोपात पुरुष फार लवकर जातात. का जातात? आणि ते बदलतं का?

ताई, त्या पूर्ण पानातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

पंचेचाळीस ते चौसष्ट या वयाचा युरोपचा नकाशा बघितलात तर मधून एक रेघ मारल्यासारखं दिसतं. पश्चिमेला, फ्रान्स, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्पेन, या वयात कॅन्सर पहिला, हार्ट बराच मागे. पूर्वेला गेलं की हृदयविकार वर येतो आणि तोही लवकर येतो, त्याच्या जोडीला दारू, अपघात, लिव्हर. लॅटव्हिया, लिथुआनियात बायका पुरुषांपेक्षा नऊ-दहा वर्षं जास्त जगतात, नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये हा फरक फक्त तीन-एक वर्षांचा आहे. नवरा-बायकोच्या शरीरात निसर्गाने एवढा फरक ठेवलेला नाहीये, तो फरक बहुतेक सगळा सिगारेट, दारू, कामाची जागा आणि डॉक्टरकडे न जाणं यांचा आहे.

सगळ्यात भयानक उदाहरण रशियाचं. 1985 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत युनियनचे नेते गोर्बाचेव्हनी दारूवर कडक बंधनं आणली, व्होडकाचं उत्पादन कमी केलं, दुकानं कमी केली, आणि दोन वर्षांत पुरुषांचं सरासरी आयुर्मान दोन-अडीच वर्षांनी वाढलं. एवढ्या पटकन असं काही वाढत नसतं. मग मोहीम बारगळली, देशच तुटला, दारू परत स्वस्त झाली, आणि 1994 पर्यंत रशियन पुरुषाचं आयुर्मान 58 च्याही खाली आलं. अठ्ठावन्न! हे सगळे कोण होते, तर तुमच्या मिस्टरांच्या वयाचे, कामावर जाणारे, घर चालवणारे पुरुष. युद्ध नव्हतं, साथ नव्हती. दारूचं विष, मारामाऱ्या, अपघात, आणि वीकेंडला बाटलीच्या बाटली रिचवल्यावर अचानक थांबणारी हृदयं. नंतर 2000 च्या दशकाच्या मध्यापासून परत दारूविक्रीवर निर्बंध आले, आकडे सुधारत गेले.

फिनलंडलापण हा अनुभव आहे. शेजारचा एस्टोनिया 2004 मध्ये युरोपियन युनियनमध्ये येणार, लोक तिकडून स्वस्त दारू आणणार, म्हणून फिनलंडने स्वतःचाच दारूवरचा टॅक्स एक तृतीयांशाने उतरवला. त्याच वर्षी दारूमुळे होणारे मृत्यू वाढले आणि लवकरच काम करणाऱ्या वयातल्या पुरुषांमध्ये दारू हे मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण झालं. मग टॅक्स परत वाढवावा लागला. दुसरीकडे स्कॉटलंडमध्ये 35 ते 54 या वयात ड्रग्जचे मृत्यू इतके आहेत की युरोपात त्यांचा नंबर वरचा, 2020 मध्ये पंचावन्न लाखांच्या देशात 1,339 माणसं गेली. हंगेरीत फुप्फुसाचा कॅन्सर. प्रत्येक देशाचं मधलं वय वेगळ्या ठिकाणी फुटतं, आणि कुठे फुटतं ते बघितलं की त्या देशाचं काय बिनसलंय ते कळतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बदलतं का. बदलतं. परत फिनलंडच घ्या, पण जुना. 1960-70 मध्ये पूर्व फिनलंडमधल्या नॉर्थ करेलिया भागातले पुरुष हार्ट अटॅकने जगात सगळ्यात जास्त मरत होते. लाकूडतोडे, शेतकरी, अंगमेहनत करणारी दणकट माणसं, आणि चाळिशी-पन्नाशीत जायची. लोणी भरपूर, मीठ भरपूर, सिगारेट भरपूर, भाजी जवळपास नाहीच. तिथल्या लोकांनीच सरकारकडे अर्ज केला की काहीतरी करा, आणि 1972 मध्ये प्रोजेक्ट सुरू झाला. पेक्का पुस्का नावाचा अगदी तरुण डॉक्टर प्रमुख. त्यांनी हॉस्पिटलं बांधली नाहीत. मार्था म्हणून तिथली बायकांची जुनी संघटना आहे, तिच्यातर्फे गावोगावी जेवणं ठेवली, त्याच पारंपरिक पदार्थांत लोणी कमी, भाज्या जास्त करून खायला घातल्या. सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी आणि मीठ कमी करायला लावलं. दूधवाले शेतकरी चिडले तर त्यांना बेरीची शेती करायला मदत केली. गावातल्या दुकानदाराला, शाळेतल्या बाईंना, सगळ्यांना कामाला लावलं, लोकांचं बीपी मोजलं. काम करणाऱ्या वयातल्या पुरुषांचे हार्टचे मृत्यू पुढच्या चाळीस वर्षांत ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी झाले. यातला बराच भाग बीपी, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट कमी झाल्यामुळेच होता, ऑपरेशनं नंतर आली.

मला हे उदाहरण फार आवडतं कारण ते घरातल्या जेवणापासून सुरू होतं. आणि आपल्याला त्याची गरज युरोपपेक्षा जास्त आहे, कारण बावन्न देशांमध्ये मिळून झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हार्ट अटॅक साधारण 53 व्या वर्षी येतो, बाकीच्या देशांत 59 च्या आसपास. सहा वर्षं आधी. तुमच्या मिस्टरांना हा आकडा दाखवा. बीपीची गोळी रोज, बरं वाटलं म्हणून बंद नाही. मीठ कमी, म्हणजे लोणचं, पापड, फरसाण, वडापावबरोबरची तळलेली मिरची हे सगळं धरून कमी. सिगारेट सोडली की हार्टचा धोका एका वर्षात बराच खाली येतो, पंधरा-वीस वर्षं वाट बघावी लागत नाही. आणि रागावून सांगू नका, सोडायला मदत करणारी औषधं असतात, डॉक्टरकडे सोबत जा.

प्रश्न (निगडी): मुलगी पोलंडला मास्टर्सला चाललीय. तुमचे नकाशे बघून सासूबाई म्हणतायत पाठवू नका. काय करू?

पाठवा. नकाशातले मृत्यू तिथे आयुष्यभर राहिलेल्या, तीस-तीस वर्षं सिगारेट ओढलेल्या, दारू प्यायलेल्या माणसांचे आहेत, दोन वर्षं शिकायला गेलेल्या मुलीचे नाहीत. तिच्या वयाचा धोका तिथेही आणि इथेही रस्त्यावर जास्त. आरोग्य विमा नीट काढा, आणि थंडीत अंधार लवकर पडतो तेव्हा पहिल्या वर्षी मुलं फार उदास होतात, म्हणून फोन करत राहा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न (नारायण पेठ, वय 79): इंग्लंडात ऐंशीच्या पुढे डिमेन्शिया हे पहिलं कारण दाखवलंय. विसरण्याने माणूस मरतो कसा? माझ्या वहिनी आठ वर्षं अंथरुणावर होत्या, सगळे म्हणाले वयोमानाने गेल्या.

काकू, विसरणं ही फक्त त्या आजाराची सुरुवात असते. मेंदूच्या पेशी मरत जातात, आणि मेंदू फक्त आठवणी सांभाळत नाही, गिळणं, चालणं, तोल, लघवीवरचा ताबा सगळं तोच बघतो. शेवटच्या टप्प्यात माणसाला घास गिळता येत नाही, अन्न-पाणी श्वासनलिकेत जातं, न्यूमोनिया होतो. किंवा अंथरुणाला खिळल्यामुळे जखमा होतात, इन्फेक्शन होतं. वरवर दिसतो न्यूमोनिया पण त्याच्या मुळाशी डिमेन्शिया असतो. इंग्लंड-वेल्समध्ये 2015 मध्ये डिमेन्शिया आणि अल्झायमर मिळून हार्टच्या पुढे गेले, तेव्हा एकूण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा 11.6 टक्के होता. त्यामागे तीन गोष्टी एकत्र आल्या. हार्ट आणि स्ट्रोकने जाणं कमी झालं म्हणून माणसं पुढच्या वयापर्यंत पोचली, निदान जास्त व्हायला लागलं, आणि सर्टिफिकेटवर डॉक्टर तो शब्द लिहायला लागले.

ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी वर म्हटलं ना की म्हातारी माणसं युरोपभर साधारण सारख्याच कारणांनी जातात, मग नकाशात रंग वेगळे का, तर बराच फरक लिहिण्याचा असतो. बल्गेरियात साठ टक्क्यांच्या आसपास मृत्यू हृदय-रक्तवाहिन्यांच्या खात्यात टाकले जातात, फ्रान्स-डेन्मार्कमध्ये वीस-पंचवीस टक्के. बल्गेरियात बीपी आणि स्ट्रोक खरंच जास्त आहेत, शंकाच नाही, पण पंच्याऐंशी वर्षांचा माणूस घरी झोपेत गेला की डॉक्टर सवयीने हार्ट लिहितो, हेही त्यात आहे. इंग्लंडमध्ये तर ऐंशीच्या पुढे, दुसरं काही कारण सापडत नसेल आणि डॉक्टरने पेशंटला बराच काळ बघितलेलं असेल, तर नुसतं म्हातारपण असंही लिहिता येतं.

तुमच्या वहिनी वयोमानाने गेल्या असं सगळे म्हणाले, पण त्यांना आजार होता, आणि आठ वर्षं त्यांचं कोणीतरी केलं, बहुतेक तुम्हीच. वयाचंच आहे म्हणून सोडून दिलं की केअरटेकर, औषधं, घरातल्या माणसाला विश्रांती यातलं काहीच मागता येत नाही. पुण्यात आता मेमरी क्लिनिक आहेत, आणि डिमेन्शियाच्या पेशंटच्या घरच्यांचे ग्रुपपण भरतात. घरात परत कोणाला विसरायला व्हायला लागलं तर लवकर दाखवा, कारण बी-12 ची कमतरता आणि थायरॉइड यानेपण विसरायला होतं आणि ते बरं होतं.

प्रश्न (वारजे): वडील मागच्या वर्षी गेले, 66 वर्षांचे होते. पंधरा वर्षं डायबिटीस, किडनी गेलेली, डायलिसिस चालू. हॉस्पिटलच्या कागदावर कारण लिहिलंय कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट. मग ते हार्टच्या आकड्यात गेले का? आणि भारताचा असा वयोगटवार नकाशा तुम्ही का नाही छापत?

वाईट वाटलं वाचून. तुमच्या वडिलांचं खरं कारण डायबिटीस आहे. हृदय आणि श्वास थांबणं हे प्रत्येकच मृत्यूत होतं, ते कारण नव्हे. सर्टिफिकेटचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की पहिल्या ओळीत शेवटी काय झालं, त्याखाली ते कशामुळे, त्याखाली ते कशामुळे, असं खाली खाली जायचं आणि सगळ्यात खालच्या ओळीत जिथून साखळी सुरू झाली तो आजार. मोजणीत घ्यायचा असतो तो सगळ्यात खालचा. ही कारणं ज्या यादीप्रमाणे मोजतात तिचं मूळ पॅरिसच्या जॅक बर्तियाँने 1893 मध्ये केलेल्या वर्गीकरणात आहे, तेच वाढत वाढत आजच्या आयसीडीपर्यंत, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीपर्यंत आलं. त्याच्याही आधी, 1662 मध्ये, लंडनच्या जॉन ग्राँट नावाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने तिथल्या आठवड्याच्या मृत्यूयाद्या जमवून किती जण कशाने गेले ते मांडलं होतं. म्हणजे युरोपला आज वयोगटवार नकाशा काढता येतो त्यामागे साडेतीनशे वर्षांचं लिहिणं आहे, आणि तरी त्यात चुका आहेतच.

आपल्याकडे हॉस्पिटलमधल्या मृत्यूसाठी फॉर्म 4 आणि घरी झालेल्यासाठी 4ए असतो, साखळी लिहायची जागा त्यातही आहे. पण 2020 च्या सरकारी रिपोर्टप्रमाणे देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी साधारण 22.5 टक्क्यांनाच डॉक्टरने दिलेलं कारण होतं, बाकीच्यांचं कारण कागदावर आलंच नाही. आणि जिथे येतं तिथेही रात्री दोनला ड्युटीवरचा दमलेला रेसिडेंट डॉक्टर नुसतं अरेस्ट लिहून मोकळा होतो. मी हे वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवलंय आणि आजही ते कागद बघितले की जीव तुटतो, कारण वारज्यात साठीच्या आत किती जण डायबिटीसने गेले हे जर आपल्याला सांगताच येत नसेल तर डायलिसिसची सोय किती आणि कुठे पाहिजे हे तरी कशावरून ठरवणार? भारताचा नकाशा छापत नाही त्याचं कारण हेच.

पण काहीच होत नाही असं नाही. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढूला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं रिसर्च सेंटर 2002 पासून आजूबाजूच्या गावांतल्या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवतंय, घरी झालेला मृत्यू असेल तर कार्यकर्ते घरी जाऊन नातेवाइकांशी बोलतात, ताप होता का, दम लागत होता का, किती दिवस, आणि त्यावरून डॉक्टर कारण ठरवतात. व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात. याच पद्धतीने देशपातळीवर मिलियन डेथ स्टडी झाला. भारतातल्या घरी होणाऱ्या मृत्यूंबद्दल आज जी माहिती आहे ती बरीचशी अशा दारोदार फिरलेल्या माणसांमुळे आहे.

तुम्ही काय करू शकता ते सांगते. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून जो मृत्यूचा दाखला मिळतो त्यावर कारण नसतं, कायद्यानेच ते छापत नाहीत, त्यामुळे तिथे शोधू नका. कारण हॉस्पिटलने भरलेल्या सर्टिफिकेटवर असतं, आणि 2023 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. तुमच्याकडे आहे तो कागद तोच आहे का डिस्चार्ज समरी आहे ते आधी बघा. त्यात डायबिटीस आणि किडनीचा उल्लेखच नसेल तर जुने रिपोर्ट घेऊन हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात जा आणि दुरुस्तीबद्दल लेखी अर्ज द्या. आणि घरातल्या सगळ्यांची शुगर तपासा, तुमची आणि भावंडांची तर नक्कीच. तिशी ओलांडली असेल तर या महिन्यातच.